दोन गटांत वाद

अमळनेर,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय लोटन,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण तू ते घेशील की नाही कोण जाणे, म्हणून नुसता नमस्कार. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, तेव्हा टपालाशिवाय मार्ग उरला नाही. दीपनगरचा पत्ता तुझा भाऊ निंबा याच्याकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस, मीच त्याचं डोकं खाल्लं.

इकडे ठीक आहे. गुडघे कुरकुरतात. साप्ताहिकाचा अंक अजून दर शुक्रवारी निघतो. चार पानांपैकी अडीच पानं वाढदिवसाच्या शुभेच्छा. वाचणारे कमी आणि स्वतःचा फोटो बघणारे जास्त. शिंदखेडा तालुक्याला तुझ्यानंतर वार्ताहर नेमला नाही. कोणी कोणी मोबाईलवर बातम्या पाठवतात, अख्ख्या बातमीत एक पूर्णविराम नाही. तुझी कॉपी आली की मला पेन उघडावं लागत नसे. एकदाच उघडलं, आणि नको तिथे उघडलं.

आता मुद्द्याचं. मंगळवारी, अकरा तारखेला, धुळ्याच्या कोर्टात तुमच्या केसमध्ये माझी साक्ष आहे. तुझ्या बाजूने नाही. तुझ्या गावच्या माजी सरपंचाने, म्हणजे पहिल्या आरोपीनेच, मला साक्षीदार केलंय. पेढे घेऊन आला होता. म्हणाला, "नाना, फक्त एवढंच सांगा, ही बातमी आमच्या अंकातली आहे म्हणून. बाकी वकील बघीन."

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो. सहा वर्षांत मी हे एकदाही सरळ लिहिलेलं नाही. ऑगस्ट २०१९. तुझी आई, सुंदरबाई, गेली. तुमच्या वस्तीची मयतीची जागा नाल्यापलीकडे आणि नाल्याला पूर. म्हणून तुम्ही तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावाच्या स्मशानभूमीत नेलं. सरपंचाने आणि त्याच्या माणसांनी फाटकाला कुलूप घातलं. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत ट्रॉली पावसात उभी. शेवटी तुम्ही रस्त्याच्या कडेला टायर आणि डिझेल घालून तिला अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी बातमी आली. 'दलित महिलेच्या अंत्यविधीला गावात अटकाव.' वेळ, नावं, कुलूप, सगळं जागच्या जागी. बातमीत 'मी' येता कामा नये, हे मीच तुझ्या कानीकपाळी ओरडत आलेलो. म्हणून तू 'माझी आई' कुठेच लिहिलं नव्हतंस. लिहिलं होतंस, 'सुंदरबाई (वय ६२) यांचे पार्थिव'. आई जाऊन एक दिवस झाला होता आणि तू तिचं वय कंसात टाकलं होतंस.

मी छापलं, 'स्मशानभूमीवरून दोन गटांत वाद. पोलिसांच्या मध्यस्थीने तणाव निवळला'. आम्हा संपादकांना ही सवयच. कोणी कोणाला मारलं, कोणी कोणाला अडवलं, लिहायचं जिवावर आलं की दोन गट करून मोकळं व्हायचं. तुझा फोन आला होता, आठवतं? शेवटचाच. "मनी माय ट्रॉलीम्हा पडेल व्हती, नाना. तिना कोणता गट?" मी म्हणालो, गावात शांतता राहायला हवी. तू फोन ठेवलास.

तेच कात्रण आता आरोपींचा पुरावा आहे. त्यांचं म्हणणं, कुलूप नव्हतं, अडवणूक नव्हती, दोन्हीकडून बाचाबाची झाली. बघा, स्थानिक पेपरनेही तेच लिहिलंय.

शांततेचं कारण खोटं होतं, लोटन. तुझी बातमी आली तेव्हा माझ्या लेकीचं, मेघाचं, जमलेलं होतं, त्याच सरपंचाच्या पुतण्याशी. आठ दिवसांवर सुपारी फोडायची होती. 'दुसरी बाजू' घ्यायची म्हणून मी सरपंचाला फोन केला आणि तुझी बातमी वाचून दाखवली. तो धमकी वगैरे काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आता आपण सोयरे ना नाना?" मी लाल पेन उघडलं.

तुझ्या कॉपीचा तो कागद, माझ्या लाल खुणांसकट, कपाटात होता. परवा सरकारी वकिलांना नेऊन दिला. मंगळवारी उलटतपासणीत ते तो माझ्यासमोर धरतील आणि मी सांगीन, खोडलेलं ते खरं आहे. कोर्टात तुझ्या कानावर पडण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

मेघालाही फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सहा वर्षं मी या घरात संसार केला नाना, आणि माझी सुपारी कशावर फुटली ते तुम्ही आज सांगता?" फोन कट. आठ दिवस झाले. तिच्या चुलत सासऱ्याला माझ्या तोंडून शिक्षा झाली तर ती त्या घरात कशी राहील, हा विचार सुटत नाही. तरी जाणार आहे. भीती वाटते, हेही लिहून टाकतो.

अजून एक राहिलं. गावभर मी सांगत फिरलो की ही बाई लोटनची आई आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यानेही बातमीत लिहिलं नाही, म्हणायचो. निंबाने कधीतरी ते तुला सांगितलं असेल. तू विश्वास ठेवला असशील, तर आता ठेवू नकोस. नाव वाचताक्षणी मी ओळखलं होतं. पोटनिवडणुकीच्या वेळी तुमच्या घरी उतरलो होतो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढून तुझी आई दारात उभी राहिली होती, आमच्यातलं चालेल ना तुम्हाला, असं विचारायला लाजत. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली. तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं.

मंगळवारी वकील विचारतील, मयत बाईला तुम्ही ओळखत होता का. मी म्हणणार आहे, हो. तिच्या हातचं जेवलोय.

प्रेमराज
(नाना म्हणायचं की नाही, ते तुझ्याकडे.)