हॉर्न वाजला नव्हता, ताई

कोपरी, ठाणे (पूर्व)
संक्रांतीआधीचा शुक्रवार

तीर्थरूप सुमतीताईस,

त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार (तूर्त मनातल्या मनात, कारण उजवा पाय प्लॅस्टरमध्ये आहे आणि साष्टांगाला तो तयार नाही). डोंबिवलीच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या पायाचं वाचून घाबरू नकोस. आता सगळं ठीक आहे.

सगळ्यात आधी सांगायचं ते हे, की मी फोन कापला नव्हता. गेले पाच आठवडे तू रुसून बसली असणार. तू रुसलीस की कशी बसतेस हे मी जन्मापासून पाहतो आहे. त्या गुरुवारी तुझं बोलणं अर्ध्यावर तुटलं, कारण फोन ट्रकखाली गेला. पाठोपाठ मीही गेलो, पण गुडघ्यापर्यंतच. तुझा नंबर फोनच्याच पोटात होता आणि नीरजाकडे, म्हणजे तुझ्या भावजयीकडे, मागायची सोय नाही. आमच्या नीलच्या मुंजीत तू तिच्या अळूच्या भाजीला 'पानातून पळून चाललीय' म्हणालीस, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही दोघी बोलत नाही, आणि तेव्हापासून मी रोज सकाळी दूध आणायच्या निमित्ताने गेटाबाहेर उभा राहून तुझ्याशी बोलतो. ती अर्धीएक तास चालणारी दूधखरेदी घरात अजून कुणाला कळलेली नाही.

तर शेजारी नवी इमारत उठते आहे, तिथे विटांचा ट्रक मागे मागे येत होता. अशा वेळी क्लीनरने उतरून मागे उभं राहायचं असतं. तो चहाला गेला होता. ट्रक मागे घेताना जो हॉर्न वाजवतात, तो वाजलाच नाही. मी पाठमोरा होतो आणि तू रंगात आली होतीस. मग मी रस्त्यावर आडवा, दूध वाहून चाललेलं, आणि नीरजा धावत खाली. तिने मला रिक्षात घातलं, रडत रडतच घातलं, पण रिक्षा सुटता सुटता विमलाबाईंना (आमच्याकडे कामाला येतात त्या) सांगितलं, की आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे, दार तेवढं स्वच्छ करा.

विमलाबाईंनी केलं. फोनच्या काचा झाडल्या, विटांचा चुरा उचलला, चार बादल्या पाण्याने रस्ता धुतला आणि वर रांगोळी काढली. पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा टायरची एकही खूण शिल्लक नव्हती. 'घटनास्थळ स्वच्छ असून तेथे लक्ष्मीची पावले गेटातून आत जाताना आढळली' असं त्यात लिहिलं आहे. मी दोनदा वाचलं.

आपला दावा सलिल चालवणार आहे (वरच्या मजल्यावरचा, नुकताच वकील झालेला). त्याने समजावलं, की काका, पाय मोडला म्हणून ड्रायव्हरचा निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होत नाही, तो दाखवावा लागतो. आणि ट्रकमालकाने पोलिसांना सांगितलंय, की हॉर्न तीनदा वाजवला, म्हातारा बेसावध होता. ताई, वागळे इस्टेटच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी 'सावध राहा' अशा पाट्या लावत हिंडलो. पायात सळई घातली तेव्हा इतकं लागलं नाही.

त्यातून एक घोळ मीच घातला. जबाब घेताना हवालदाराने विचारलं, की गेटाबाहेर काय करत होतात. नीरजा उशाशी सूपाची वाटी घेऊन उभी. मी म्हणालो, पक्षी पाहत होतो. कुठला, असं त्याने विचारलं. खंड्या, म्हणालो. आता सरकारी कागदावर खंड्या बसला आहे, आणि सलिल म्हणतो, की पक्षी पाहणारा माणूस बेसावधच ठरतो.

ड्रायव्हर जगन मात्र गुणी आहे. दर रविवारी शहाळं घेऊन येतो आणि पायाशी बसून डोळे पुसतो. मला म्हणाला, "काका, हॉर्न तीन महिने बंद आहे. वाजत असता तर वाजवला नसता का मी?" हे कोर्टात सांग म्हटलं, तर खाली बघतो, मालक गाडीवरून उतरवेल ही भीती. मला त्या पोराला देशोधडीला लावायचं नाही. पण त्या ट्रकला हॉर्न बसला पाहिजे आणि माझ्या नावावरचा बेसावधपणा पुसला पाहिजे.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
त्र्यंबक

ता.क. पत्राचं खरं कारण असं, की साक्षीदार फक्त तूच आहेस. ट्रक अंगावर आला तेव्हा तू माझ्या कानात होतीस. तुझं शेवटचं वाक्य मला पाठ आहे: "त्र्यंबक, कुणाची गाणी रे ही, जवळ जवळ येतायत?" ती जगनच्या ट्रकमधली गाणी होती. ती तुला ऐकू आली, मग तीनदा वाजलेला हॉर्न आला नसता? सलिल म्हणतो, पुरवणी जबाब देता येईल. येशील ना गं?

ता.क. २. तेव्हा आपण कशाविषयी बोलत होतो, ते पोलिसांना सांगायची गरज नाही. विमलाबाई विठ्ठलवाडीला घरी जाताना वाटेत डोंबिवलीला उतरून पत्र देतील. नीरजाला कळू देऊ नका, असं त्यांना बजावलं आहे.

वन्सं, नमस्कार. 'साहेबांनी तुमच्यापासून लपवायला सांगितलंय' असं म्हणून विमलाबाईंनी पाकीट माझ्याच हातात दिलं. एक पिशवी दुधाला अर्धा तास लागतो यावर सहा वर्षं विश्वास ठेवण्याइतकी मी भोळी नाही. तुमच्याशी बोलून आले की ह्यांचा दिवस बरा जायचा, म्हणून गप्प राहिले. तुमचा नंबर माझ्याकडे होता. अपघाताचं मी त्याच दिवशी कळवायला हवं होतं, ते कळवलं नाही, माझं चुकलं. जबाबाला या, आणि उतरायचं आमच्याकडेच. सोबत तिळाचे लाडू पाठवते आहे. पोलिसांना जे ऐकलंत ते सगळं खरं सांगा. फक्त त्या दिवशी फोनवर माझ्याविषयी काय चाललं होतं, ते पोलिसांच्या आधी मला सांगायचं. जेवायला अळूची भाजी करते. घट्ट.

नीरजा