पेरूला बांधलेला सुलतान

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

नाशिक,
सोमवार, ता. १५ डिसेंबर १९८०

ती. दादांना धाकट्या मालनचा वाकून नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? नांदगावला थंडी जास्त, त्यांना पहाटे गार पाण्यात हात घालू देऊ नका. इकडे सगळे बरे.

पत्राचं कारण सुलतान. तुमच्या साहेबांची बदली झाली आणि त्यांचा हा अल्सेशियन तुम्ही आमच्या दारात आणून बांधलात, तेव्हा म्हणाला होतात, "ताकदीचं जनावर आहे, मालन. महिनाभर ठेवून बघ. झेपलं तर ठेव, नाहीतर मी परत नेईन." तर यांचं म्हणणं पडलं, घेऊन जा. तसं लिही म्हणूनच त्यांनी मला बसवलंय.

कारणं सांगते. खाणं फार. घरादाराच्या भाकरी एकीकडे आणि त्याच्या एकट्याच्या एकीकडे. वर खाटकाकडचे तुकडे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ते मी घरात आणू देत नाही, मग ताक-भाकरीकडे असा बघतो की मलाच पाप लागेल. पोस्टमन फाटकाबाहेरूनच पत्रं भिरकावतो. यांच्या नव्या चपलेचे एका चाव्यात दोन तुकडे. सासूबाई ऐंशीला आल्या, नुसता लाडानं अंगावर गेला तरी पडतील. आणि खरंच कुणाला धरलंन्, तर सोडवणार कोण? हे पाळीवर. मी ही एवढीशी.

चंपाषष्ठीला मात्र गुणाचा वागला. सासूबाईंनी भरीत-रोडग्याचा नैवेद्य त्याच्यापुढे ठेवला आणि कपाळाला भंडारा लावायला वाकल्या. माझा जीव मुठीत. पण त्यानं मान खाली घालून लावून घेतला. सासूबाई म्हणाल्या, "देवाचाच आहे गं, याला खंडेराव म्हणू या." मी म्हटलं, "अहो, ते तर माझ्या दादाचं नाव, मग त्याला काय म्हणू?"

आमची चांगुणा सासरहून दिवाळीला माहेरी आली ती अजून इथंच आहे. जरा हवापालट. सुलतान तिच्याच उंबऱ्यात झोपतो.

हवापालट कसली, दादा. भाऊबीजेला मी तुम्हाला ओवाळताना तिनं ताट पुढं केलं, तेव्हा तिच्या दंडावरचे डाग तुम्ही पाहिलेत. म्हणूनच कुत्रा आणलात. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी गल्लीभर चोरांचं कारण सांगत बसले.

काल दुपारी जावईबापू आले. लांबून दिसले तशी मी लगबगीनं सुलतानला परसात नेऊन पेरूला बांधलं. जावई दारात आणि कुत्रं अंगावर भुंकतंय, बरं दिसतं का? पायांवर पाणी दिलं, सतरंजी टाकली, चहा ठेवला.

ते बसलेच नाहीत. चांगुणाला म्हणाले, "पिशवी घे. चल." ती म्हणाली, "मी येणार नाही." त्यांनी तिचा अंबाडा धरला आणि ओढली. बांगड्या फुटल्या. परसात सुलतान असा हिसके देत होता की पेरूची साल निघाली. मी चहाचा कप घेऊन उभी. काय म्हणाले असेन मी? "जावईबापू, चहा निवतोय."

सासूबाई जपमाळ टाकून ओरडल्या, "मालन, सोड त्याला!"

"अहो, जावई आहेत ते."

"आणि ही कोण आहे?"

तेव्हा माझे पाय हलले. पेरूची साखळी सोडली, पण हातातून सोडली नाही. त्यानं मला फरफटत पुढच्या दारी आणलं. चांगुणाला टाकून देवराम फाटकाबाहेर झाला. तिथून म्हणाला, "पुढच्या रविवारी चार माणसं घेऊन येतो. मग बघतो तुमचं कुत्रं."

हे रात्री आल्यावर म्हणाले, "सावळीरामानं जावयावर कुत्रं सोडलं, असं माझं नाव झालं ना गावभर! दादांना लिही, घेऊन जा म्हणावं." चांगुणा आतून ऐकत होती. जेवली नाही.

यांचं म्हणणं वर लिहिलं. आता माझं. सुलतानला नेऊ नका.

भीती वाटते, नाही म्हणत नाही. तळहाताची सालटी निघालीत, पेन धरवत नाही. काल माझी मूठ सुटली असती तर देवरामचा गळा राहिला नसता, आणि मग माझ्या लेकीच्याच कपाळाचं कुंकू गेलं असतं. सकाळी देवापुढे बसले तरी हेच डोळ्यांपुढे येतं. म्हणून तुम्ही शनिवारीच या. एवढं जनावर कसं धरायचं, कोणत्या शब्दाला ते थांबतं, मला शिकवा. चांगुणालाही शिकवा. आणि यांच्याशी तुम्हीच बोला, तुमचा शब्द ते मोडत नाहीत.

रविवारी फाटकाला आतून कडी असेल. साखळी माझ्या हातात असेल. चहा ठेवणार नाही.

यांना हे पत्र वाचून दाखवलेलं नाही. पेटीत मीच टाकते आहे.

फाटकाच्या आत उभी असलेली,
तुमची मालन