मीटर देवापुढे होता

१७ सप्टेंबर १९७३, सोमवार

विश्वकर्मा पूजा. मीटर देवापुढे! झेंडूची माळ, शेंदूर, काट्याच्या काचेवर कुंकवाचं बोट. मीच ठेवला. इथली बंगाली रीत — ज्या हत्यारावर पोट चालतं त्याला आज हात लावायचा नाही. सुतार रंधा ठेवतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. आमच्या प्रयोगशाळेत किरणं मोजायचा मीटर. दुसरा दुरुस्तीला गेलाय.

दहा वाजता कोठीची मोजणी आठवली. किरणोत्सर्गी कचऱ्याची कोठी — चारही भिंती बाहेरून रोज मोजायच्या, आकडे रजिस्टरात. आमचा मदतनीस निताई म्हणाला, "रघुनाथबाबू, आज तुमच्या मीटरचा उपास!" सगळे हसले. मीही हसलो.

खरं तर आज मोजायलाच हवं होतं. शनिवारी एका इस्पितळातून जुन्या रेडियमच्या नळ्यांचं शिशाचं भांडं आलं. मी आणि निताईने उतरवून आत ठेवलं, तोवर मीटर पूजेसाठी पुसायला गेला होता. म्हटलं, सोमवारी मोजू.

रजिस्टराचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. शनिवार सकाळचे आकडे उतरवले. एका भिंतीला एकाने वाढवून लिहिलं — अगदी तेच दिसू नयेत म्हणून.

दुपारी घरच्या माणसांसकट सगळ्यांना खिचडी, पायस. गच्चीवर पतंग. निताई जेवून व्हरांड्यात टेकून बसला, पाठ कोठीच्या भिंतीला. दोन-तीन तास तरी निवांत होता.

१८ सप्टेंबर

विसर्जन संध्याकाळी. तोवर मीटर तिथेच. आजचेही आकडे लिहिले.

१९ सप्टेंबर, बुधवार

आज मोजलं. व्हरांड्याच्या भिंतीशी काटा टोकाला जाऊन थरथरत राहिला. आधी वाटलं, शेंदूर आत गेला असेल. दुसऱ्या भिंतीशी नेला, ठीक होता. परत आणला — टोकाला.

आत गेलो. शनिवारच्या भांड्याचं झाकण नीट बसलेलंच नव्हतं. बोटभर फट, आणि फट नेमकी व्हरांड्याच्या बाजूला. लांब चिमट्याने सरकवलं. बाहेर येऊन पुन्हा मोजलं. नेहमीचा आकडा.

तोच लिहिला. आत्ताचा आकडा तर खरा आहे ना! — असं मनाशी म्हटलं.

झाकण शनिवारी मीच बसवलं होतं. निताईने नुसतं धरलं होतं.

२० सप्टेंबर

कोणाला काही सांगितलं नाही. सकाळी जपाला बसलो. माळ तीनदा चुकली.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

दुर्गापूजेच्या सुट्ट्या, दिवाळी, सगळं गेलं. मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो का?

आज मुंबईहून बिल्ल्यांचा अहवाल आला. छातीवर लावायच्या बिल्ल्यातली फिल्म महिन्याला तिकडे जाते, कुणाला किती किरणं लागली ते कळतं. सगळ्यांचं ठीक. निताई मंडलचा आकडा वर्षाच्या मर्यादेजवळ — एका महिन्यात!

आमचे प्रमुख, भादुडीसाहेब, यांनी बोलावलं. रजिस्टर आधीच त्यांच्या टेबलावर होतं. सप्टेंबरची पानं बोटाने खाली खाली वाचत गेले. "कोठीत काहीच नाही. तुमच्या आकड्यांत काहीच नाही. मग ह्याच्याच बिल्ल्यात कुठून आलं?"

मी म्हणालो, "बघायला हवं."

एवढंच म्हणालो.

३ नोव्हेंबर

साहेबांचं मत ठरलं. निताईने बिल्ला मुद्दाम कोठीत टाकून ठेवला. हलकं काम मिळावं, भरपाई मागता यावी म्हणून. "युनियनवाले शिकवतात ह्यांना," म्हणाले. निताई हंगामी. नऊ वर्षं हंगामी! त्याला काढायला एक चिठ्ठी पुरते.

निताई हात जोडून उभा होता. "साहेब, बिल्ला मी अंगावरून काढतच नाही. झोपतानासुद्धा नाही. विचारा रघुनाथबाबूंना, त्यांनीच शिकवलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नक्की कशाला हलवली, ते मलाच कळलं नाही.

४ नोव्हेंबर, रविवार

देवापुढे बसलो नाही. नलिनी म्हणाली, "का हो, आज देवालाही सुट्टी?"

तिला सांगावं असं वाटलं. ती भाजी निवडत होती. मी पेपर उघडला.

६ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांनी माझा जबाब टाइप करवून आणला. 'दिनांक १७, १८ व १९ सप्टेंबर रोजी कोठीची मोजणी मी स्वतः केली व ती नियमाप्रमाणे आढळली.' खाली सहीची जागा.

हात थांबला. साहेबांना वाटलं, मला निताईची दया आली. म्हणाले, "तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पण तुमच्यासारखा देवभीरू माणूस लिहितो म्हणजे मला दुसरा पुरावा नको."

सही केली.

गावच्या शाळेत गुरुजी बाहेर गेले की वर्गावर नजर ठेवायला मला बसवत. बोलणाऱ्यांची नावं मी फळ्यावर लिहायचो. माझं नाव त्या फळ्यावर कधी लागलं नाही. फळा माझ्याच हातात होता!

८ नोव्हेंबर, गुरुवार

लिहायला बसवत नाही, पण लिहितो.

निताई आज सामान न्यायला आला. कामावरून काढल्याची चिठ्ठी खिशात. मी टाळत होतो — हा माणूस मला व्हरांड्यातच गाठतो!

वाटलं, शिव्या देईल. हवं होतं तसं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "बाबू, मी खूप विचार केला. तुम्ही लिहिलंय म्हणजे कोठी ठीकच असणार. माझंच काहीतरी चुकलं असेल. पूजेच्या गडबडीत मीच बिल्ला कुठे ठेवला असेन, आठवत नाही. साहेबांची माफी मागतो, तुम्ही जरा शब्द टाकाल?"

अंगावरून न काढलेला बिल्ला! आणि माझ्या अक्षरासाठी तो स्वतःची आठवण खोटी ठरवायला निघाला.

"टाकतो," म्हणालो. तो पाया पडला. पाय मागे घेतले, तोवर त्याचा हात लागून गेला होता.

९ नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी देवापुढे उभा राहिलो, बसलो नाही. आधी काम, मग तुझ्याकडे, असं म्हटलं आणि निघालो. साहेबांच्या खोलीत रजिस्टर उघडलं. सतरा आणि अठराचे आकडे दाखवले. "हे मोजलेले नाहीत. मीटर देवापुढे होता. एकोणिसाला काटा टोकाला होता, तेही लिहिलं नाही. झाकण मी बसवलं होतं. निताई त्या भिंतीला पाठ लावून बसला होता."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "दुसरा कोणी असता तर मी समजलो असतो, रघुनाथबाबू." ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "आणि अहवाल आल्यापासूनचे हे आठ दिवस?"

लेखी दिलं. चौकशी होईल. आजपासून मोजणीचं काम माझ्याकडे नाही. निताईची चिठ्ठी रद्द.

घरी येऊन नलिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "क्वार्टर सोडावं लागलं तर सोडू. पण त्याच्या घरी जाऊन या. कागदावर दिलं म्हणजे झालं नाही." बऱ्याच दिवसांनी जेवलो. निजलोही. हलकं वाटलं — हे लिहायलाही लाज वाटते, पण वाटलं.

११ नोव्हेंबर, रविवार

बजबजला, निताईच्या घरी, जाऊन आलो. ज्यूट मिलच्या मागे एक खोली. निताईला सगळं सांगितलं, बसूनच, डोळे वर न करता. तो एकदम हसला — "म्हणजे मी खोटा नाही ना? बास, बाबू!" डॉक्टरी तपासणी होईल, रक्त बघतील, असं सांगितलं. "बघू दे," म्हणाला. "माझा आकडा तर आहे ना तुमच्याकडे."

त्याच्या बायकोने, सरलाने, चहा आणला. सावकाश वाकली. पाचवा महिना, निताई लाजत म्हणाला.

मी अभिनंदन केलं. कप ओठाला लावला. निताई तिला सांगत होता, "बघ, पूजेला उगाच आपण दोघं त्या भिंतीशी बसलो. तुला डुलकी लागली म्हणून मी उठलो नाही." पूजेच्या दिवशी घरची माणसं जेवायला येतातच.

१२ नोव्हेंबर

तिला बिल्ला नव्हता. तिला किती लागलं, हे सांगणारा आकडा फक्त त्या दिवशी, त्या भिंतीशी मिळाला असता.