आक्काची पट्टी

हिंडलगा
२० ऑक्टोबर २०२४

चि. भरमूस आक्काचा आशीर्वाद.

इकडं सगळं बरं आहे. माझे गुडघे तेवढे विरोधी पक्षात गेलेत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू 'व्हय आक्का' म्हणतोस आणि पुढचं ऐकत नाहीस. कागदाला 'व्हय' म्हणून ठेवून देता येत नाही.

दसऱ्याला आलते तेव्हा तू सोनं वाटायला गावात गेलतास. मालूनं मला माळावरची पट्टी दाखवली. जोंधळा जेमतेम गुडघ्याएवढा, रानात ओल असून सुकल्यासारखा, आणि बुडाशी बारीक पांढरी फुलं. मी म्हटलं, छान आहेत गं फुलं.

"वन्सं, ह्यो टारफुला. वर हिरवागार दिसतोय, पर खाली जोंधळ्याच्या मुळाला तोंड लावून बसलाय."

ऐकताना मी उगाचच अंग चोरलं. मग विचारलं, असं असताना दरसाल जोंधळाच का पेरता? ती आधी पदर सारखा करत बसली. मग म्हणाली, "आक्काचं पोतं कुठनं आणू, म्हणत्यात ह्ये."

आबा गेल्यावर जमिनीतला हक्क सोडल्याच्या कागदावर मी सही केली, आणि तू शब्द दिलास, त्या पट्टीतलं एक पोतं दरसाल घरपोच करीन. करतोस. त्यापायी हलक्या मुरमाड रानात वर्षानुवर्षं तेच पीक, आणि शेणखत सगळं उसाला. टारफुल्याला आणखी काय पाहिजे? बहीण-भावानं मिळून पोसलाय त्याला.

मालूकडून आणखी एक कळलं. तिला रागावू नकोस. गेल्या साली पट्टीत पोतं भरलंच नाही, म्हणून तू निपाणीच्या बाजारातून आणलंस. आणि इथं मी भाकरी मोडत शेजारणींना सांगत होते, ह्याला म्हणतात माहेरची चव. त्याच्या आदल्या साली खरा माहेरचा आला, तर जोंधळा आहे की मोहरी म्हणून तुला टोचलं होतं. माझ्या जिभेवर यापुढं कुणी विश्वास ठेवू नये.

शेजारची रचना शेतकी कॉलेजात शिकवते. तिला विचारलं. टारफुल्याचं बी धुळीसारखं असतं, मातीत कितीतरी वर्षं जिवंत राहतं. तेव्हा आहे तो बी धरायच्या आत उपटून जाळ. पुढल्या पावसाळ्यात तिथं शेंगा घाल. भुईमुगाच्या मुळाशी तो उगवतो, पण त्याला चिकटता येत नाही, उपाशी मरतो. काही वर्षं जोंधळा नको. उसाच्या तोंडचं थोडं शेणखत काढून तिकडं टाक.

म्हणजे पोतं नको. हे वाक्य लिहायच्या आधी मी दोनदा उठून चहा केला.

खरं तर आमच्यात भाकरी मी एकटीच खाते. अर्धं पोतं किडे खातात, उरलेलं वाटते. हे तुला कधीच सांगता आलं असतं. पण तू वर्षातून एकदा येतोस तो पोतं घेऊन. दारात टेकवतोस, उभ्या-उभ्या चहा पितोस, 'टेम्पो थांबलाय' म्हणून जातोस. पोतं नको म्हटलं असतं, तर तेवढाही आला नसतास, असं वाटायचं. अजून वाटतं.

संक्रांतीला येतोस तसा ये. रिकाम्या हातानं ये. टेकवायला काही नसलं, की दारात थांबायचं कारण उरत नाही. आत येऊन बस.

वाट बघणारी,
आक्का