लाल दिवा मी आजवर ओलांडलेला नाही

ती. दादांना,

नमस्कार. माझा वाकून आणि तुमच्या बहिणीचा बसून, कारण तिला अजून नीट वाकता येत नाही. तुमचा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात औषध बदलल्याचं लिहिलं होतंत, पण बदलल्यावर खोकला गेला की नुसतं औषधच गेलं, ते लिहायचं राहून गेलं. वहिनींची पाठ बरी असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं ठीक. हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आता चार महिने होतील. काठी घेऊन घरभर फिरते, आणि काठीचा उपयोग चालायला कमी, मी कुठे काय विसरलो ते दाखवायला जास्त करते. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी हिला व्यायामाच्या बाईंकडे न्यायचं आणि परत आणायचं हे काम माझ्याकडे आहे. हे पत्र त्याबद्दलच आहे. (फोन केला असता, पण मी फोनवर बोलायला लागलो की ही शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करते.)

लेक कामासाठी वर्षभर परदेशी गेली तेव्हा तिची विजेवरची गाडी खास आईच्या या फेऱ्यांसाठी आमच्याकडे ठेवून गेली. निघायच्या दिवशी खाली टॅक्सी उभी, एक बूट पायात आणि एक हातात, अशा अवस्थेत तिने मला गाडीचे दिवे समजावले. चार्जिंगची तार लावली की हा दिवा, बॅटरी कमी झाली की तो दिवा, अमुक रंग, तमुक रंग. मी हसून म्हटलं की बाई गं, मला कसले दिवे शिकवतेस? तुम्हाला माहीत आहे, छत्तीस वर्षं मी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली. लाल, पिवळा, हिरवा, या तीन रंगांवर हजारो माणसं माझ्या हाताखालून सुखरूप गेली आणि एकदाही चौकशी लागली नाही. (एकदा लागली होती, पण ती स्टोव्हबद्दल होती.) तेव्हा लेकीच्या बोलण्याकडे माझं निम्मं लक्ष होतं. उरलेलं निम्मं टॅक्सीवाल्याकडे होतं, कारण तो हॉर्न वाजवत होता.

आमच्या इमारतीत चार्जिंगची सोय नाही. ती घरापासून दोन किलोमीटरवर, व्यायामाच्या वाटेवरच आहे: टायरच्या दुकानामागचं आवार, चार यंत्रं, पत्र्याची शेड आणि शेडखाली एक बाक. गाडीच्या नाकाशी एक झाकण आहे. ते उघडायचं आणि यंत्राची मनगटाएवढी जाड तार तिथे खुपसायची. शेजारी बारीकसा दिवा आहे. पहिल्या दिवशी मी तार लावली, यंत्र गुरगुरलं आणि दिवा हिरवा लुकलुकायला लागला. आता दादा, तुम्हीच सांगा, हिरवा म्हणजे काय? वाट मोकळी. मी तार काढली, जागेवर टांगली आणि निघालो. चार मिनिटं लागली. वाटेत मी हिला विज्ञानाची प्रगती या विषयावर बरंच ऐकवलं, की पूर्वी साधा कंदील भरायला याहून जास्त वेळ लागायचा. असं मी पंधरा दिवस केलं. लुकलुकणारा हिरवा म्हणजे ‘भरतेय, थांबा’ आणि स्थिर हिरवा म्हणजे ‘भरली, आता जा’, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या केबिनमधला हिरवा लुकलुकत नसे. लुकलुकला तर आम्ही बल्ब बदलत असू.

तुम्ही म्हणाल, समोर पडद्यावर टक्के दिसत असतील की. दिसत होते. पण त्या पडद्यावर एवढे आकडे आहेत की कुठला कशाचा हे गाडी बनवणाऱ्यालाही आठवत नसेल. तो टक्क्यांचा आकडा गाण्यांच्या आवाजाचा आहे असा माझा समज होता. लेकीने गाडी दिली तेव्हा तो शंभरावर होता, आणि तिला गाणी मोठ्याने ऐकायची सवय आहेच. तो आपोआप कमी होत चाललाय हे पाहून मला बरंच वाटलं.

मग तो बुधवार आला. घरातून निघालो आणि समोर बॅटरीच्या चित्राचा दिवा पिवळा लागला. पिवळा म्हणजे वेग कमी करा, पुढचा सिग्नल लाल असू शकतो. मी वेग माणसाच्या चालीवर आणला. मागे गाड्यांची रांग लागली. एक सायकलवाला आमच्याकडे वळून वळून बघत पुढे निघून गेला. ही म्हणाली की अहो, जरा चालवा ना. मी म्हटलं की मी नियमाने चालवतोय. फर्निचरच्या मोठ्या दुकानापाशी आलो आणि दिवा लाल झाला. मी थांबलो. कडेला नाही, होतो तिथेच थांबलो, कारण लाल दिव्याला होतो तिथे थांबतात. गाडी भररस्त्यात थांबली की मागून येणाऱ्यांना सावध करायचं असतं, म्हणून हिची लाल शाल घेतली, तीस पावलं मागे गेलो आणि ती दोन्ही हातांनी पसरून उभा राहिलो. (ही गाडीतच बसून होती. नंतर म्हणाली की तिने मला ओळख दाखवायची नाही असं ठरवलं होतं.) पाऊण तास मी तसा उभा होतो. दुकानातली माणसं बाहेर येऊन बघून गेली, आणि एकाने मला सोफ्यांवर सवलत कधीपर्यंत आहे ते विचारलं.

शेवटी कुणीतरी गाडीच्या कंपनीची क्रेन बोलावली. क्रेनवाला उतरला, गाडीत बसला, बटण दाबलं आणि गाडी चालू लागली. तो म्हणाला, “काका, दहा टक्के बाकी आहेत. चार्जिंग समोरच्या वळणावर आहे.” मग तो आमची गाडी चालवत पुढे, त्याचा साथीदार रिकामी क्रेन घेऊन मागे आणि मी क्रेनमध्ये, अशी वरात अर्धा किलोमीटर गेली. लाल दिवा म्हणजे बॅटरी संपत आली, लवकर भरा, एवढाच त्याचा अर्थ होता. थांबा असा नव्हता. अहो, पण मग त्याला लाल कशाला करायचं? जांभळा करा. लाल दिवा मी आजवर ओलांडलेला नाही आणि या वयात ते शिकणं मला जड जातंय.

गाडी लेकीच्या नावावर असल्यामुळे क्रेनवाल्यांनी सगळी हकिकत तिला कळवली. तिने फोन केला. ओरडली नाही, ते जास्त लागलं. शांतपणे म्हणाली की बाबा, पुन्हा एकदा गाडी रस्त्यात अशी उभी राहिली तर मी किल्ली काढून घेणार आणि आईसाठी ड्रायव्हर ठेवणार. दादा, तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नोकरी सुटल्यापासून माझ्या वाट्याला एवढं एकच वेळापत्रक उरलंय, सोमवार, बुधवार, शुक्रवार. किल्ली गेली तर मी सकाळी दाढी तरी कशासाठी करायची?

तेव्हापासून मी कडक झालोय. दिवा स्थिर हिरवा झाल्याशिवाय तारेला हात लावत नाही. तरी मागच्या महिन्यात एक घोटाळा झालाच. सकाळी गाडी उघडेचना. ना दिवा, ना आवाज. चार्ज तर आदल्याच दिवशी पूर्ण केलेली. टायरच्या दुकानातला मेकॅनिक येऊन सांगतो की या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी चाकं फिरवते, आणि दुसरी साध्या गाडीतल्यासारखी छोटी, ती दारं, दिवे आणि पडदा सांभाळते. छोटी बसली की मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही. छोटीसाठी वेगळा लाल दिवा आहे, चौकोनी डबी आणि तिच्यावर अधिक-उण्याची खूण, आणि तो दोन दिवस लागलेला होता. मी तो पाहिला होता. तो आतल्या औषधपेटीचा असेल असं मला वाटलं. मेकॅनिकने छोटी बॅटरी बदलून दिली. हे लेकीला कळलेलं नाही, आणि तुम्हालाही कळलेलं नाही असं समजा.

बाकी आता सगळं सुरळीत आहे. एकच गोष्ट मनाला खाते. ही गाडी शेवटी शेवटी फार सावकाश भरते. ऐंशीपर्यंत भराभर जाते आणि मग सरकारी फायलीसारखी रेंगाळते. दर खेपेला दीड तास जातो. तेवढा वेळ तुमची बहीण त्या शेडखाली, त्या कडक बाकावर, ऑपरेशन केलेला गुडघा घेऊन बसते. एका शब्दाने तक्रार करत नाही. मी आपला दिव्याकडे बघत काहीबाही बोलत राहतो, केबिनमधल्या गोष्टी सांगतो, आणि ती बिचारी ऐकून घेते. मला फार वाईट वाटतं. तुम्ही तब्येतीला जपा आणि खोकल्याचं नक्की कळवा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. आमच्या इमारतीखाली घरचा चार्जर बसवता येतो, सेक्रेटरींची ना नाही. पण गाडी लेकीची, तिनेच सांगायला हवं. मी विचारलं तर तिला वाटेल की बाबांना झेपत नाही, आणि विषय परत किल्लीवर जाईल. ती मामाचं ऐकते. तेव्हा तुम्हाला आपलं सहज सुचलं असं दाखवून तिला सांगा. माझं नाव नको.

ता. क. २. पडद्यावर कासवाचं चित्र आलं तर त्याचा अर्थ काय, हे तुमच्याकडे कुणाला विचारता आलं तर बघा. अजून आलेलं नाही, पण तयारी असावी.

दादा, यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, मागची बाजू कोरी दिसली म्हणून लिहितेय. चार्जरचं लेकीला चुकूनही सुचवू नकोस. गाडीचं पुस्तक मी क्रेन आली त्याच दुपारी वाचून काढलं. कासव म्हणजे बॅटरी अगदी तळाला गेली, गाडी आता हळूच चालणार. ऐंशीला तार काढली तरी आमचा आठवडा निघतो, आणि त्याला अर्धा तास पुरतो. मी यांना सांगितलेलं नाही. छत्तीस वर्षं हे पाळीवरून आले की झोपायचे आणि मी झोपले की पाळीला जायचे. आता दीड तास जागचे हलत नाहीत, आणि मला ठाऊकच नव्हतं की यांना इतकं बोलता येतं. दिव्यांवर माझं लक्ष असतं, गाडी आता कुठे अडकणार नाही, तेव्हा किल्लीचं लेकीला तूच समजाव. आणि हे फक्त तुला सांगते. व्यायामाच्या बाई तीन आठवड्यांपूर्वीच म्हणाल्या, तुम्ही बऱ्या झालात, आता यायची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे.