ताठ बसून केलेली वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय दंतवैद्यकी, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि ताठ बसून लिहून ठेवते की, माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ताठपणाचा कोणी देत नाही, म्हणून तो मीच देते: मान दोन्हीकडे वळते, आणि हात डोक्यामागे नेऊन अंबाडा माझा मीच घालते. आमच्या धंद्यात या वयाला हे ज्याला जमतं त्याने मिरवावं. मी मिरवते आहे.

कलम १. राहतं घर मुलाला. स्वयंपाकघरातला ओटा मी माझ्या उंचीचा करून घेतला होता, तो सुनेच्या उंचीला उचलून घ्यावा. भांडी मुलगा घासणार असेल तर त्याच्या. बँकेतल्या ठेवी दोघांना निम्म्या-निम्म्या.

कलम २. माळ्यावरची जुनी, आडवी न होणारी खुर्ची. ही सासऱ्यांची. दवाखाना त्यांनी काढला आणि जन्मभर उभ्याने चालवला. पेशंट बसलेला, हे कमरेत वाकलेले, मान वाकडी, कोपर हवेत. "वाकल्याशिवाय दात दिसत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मी खांदा दुखतो म्हणाले तर म्हणायचे, "दुखतंय म्हणजे काम चाललंय." हात फार हलका होता त्यांचा, हे मान्यच करायला हवं. पण शेवटी सदऱ्याची बटणं सासूबाईंना लावून द्यावी लागत आणि तेवढा वेळ ते भिंतीकडे बघत. ते मी दारातून पाहिलं, मला रडू आलं, आणि त्याच दिवशी ठरवलं की मी असं भिंतीकडे बघणार नाही.

मी चाकांचं स्टूल आणलं, आडवी होणारी खुर्ची आणली, पेशंटला झोपवून त्याच्या डोक्याशी बसले. सासरे म्हणाले, "लोकांना झोपवायला ही काय धर्मशाळा आहे?" वरच्या दाढा वाकून न बघता आरशात बघायच्या, तर आरशात सगळं उलटं, हात पुढे न्यावा तर मागे येतो. म्हणून घरी आरशात बघत चिमट्याने तांदळातले खडे काढायला बसायची. उजव्या काखेत रुमाल. कोपर उचललं की रुमाल पडणार, रुमाल पडला की पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "अरे, हिला कुणा डॉक्टरला तरी दाखव."

"आई, ती स्वतःच डॉक्टर आहे."

"म्हणून तर म्हणते!"

जेवण उशिरा व्हायचं, पण रुमाल पडायचा थांबला आणि खांदाही दुखायचा थांबला. ती जुनी खुर्ची कोणालाही कामाला देऊ नये. गच्चीत ठेवून तिच्यावर कुंडी ठेवावी.

कलम ३. धाकटे दीर, तेही दंतवैद्य. यांनी भरल्या ताटावर पैज लावली होती, "वहिनी, बसून दाढ काढलीत तर मिशी उतरवीन." काढली, आणि तीही त्यांचीच. मिशी मात्र जागच्या जागी. "बोलण्याच्या ओघात म्हणालो हो," म्हणे. आता त्यांच्या कमरेला पट्टा आहे आणि तीच मिशी पिळायला हात वर जात नाही. त्यांना एक चांगला वस्तरा द्यावा. चिडवण्याचा हेतू नाही असं वकील लिहायला सांगतात. हेतू तोच आहे.

कलम ४. दवाखाना, जागेसकट. हा सुनेचा, पण एका अटीवर. तिचा हात माझ्या सासऱ्यांसारखा हलका आहे आणि मानही त्यांच्यासारखीच वाकडी होऊ लागली आहे. अंगठ्याला मुंग्या येतात, संध्याकाळी स्वतःची वेणी घालायला मुलीला हाक मारते. मुलगा म्हणतो, "आई, विकून टाकू जागा. तिचे हाल बघवत नाहीत." त्याचं चुकत नाही. तिला सांगायला जावं तर म्हणते, "आई, आरशात माझा हात चुकतो. वाकलं की पटकन होतं." तरी अट अशी: वरची मागची दाढ, काखेतला रुमाल न पाडता, तिने तिच्या मानेला व्यायाम देणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंसमोर भरून दाखवावी. न जमल्यास मुलाने जागा खुशाल विकावी. हा दवाखाना माझा जीव आहे, पण तिच्या मानेहून मोठा नाही.

कलम ५. वरचं कलम लिहिलं आणि कागद तसाच टेबलावर उघडा राहिला, कारण मध्येच माझ्या वरच्या मागच्या दाढेतलं सिमेंट निघालं. सून म्हणाली, "आई, चला खुर्चीवर." मी जाऊन बसले. ती नेहमीसारखी बाजूला उभी राहील म्हणून मी डोळे मिटून घेतले, तर खुर्ची आडवी होऊ लागली. ती डोक्याशी येऊन बसली. खिशातून रुमाल काढला आणि काखेत धरला. फिजिओथेरपिस्ट बाई दारात उभ्या. म्हणजे कट दोघींचा होता. तोंड उघडं असल्यामुळे मला ओरडताही येईना. मी एक डोळा रुमालावर ठेवला. काम संपलं, तिने रुमाल काढून कपाळ पुसलं आणि म्हणाली, "झालं. आता तोंड मिटा, आई."

"तांदूळ कुठे निवडतेस?" मी विचारलं.

"माहेरी," ती म्हणाली. "तिकडेही जेवण उशिराच होतं."

सबब कलम ४ मधली अट मी याद्वारे रद्द करते. दवाखाना विनाअट सुनेचा. हे सिमेंट माझ्या हयातीत पुन्हा निघालं तरी या व्यवस्थेत फरक पडणार नाही. माझा रुमालही तिलाच.

सही: केली. कोपर बरगडीला टेकवून.

साक्षीदार: १. फिजिओथेरपिस्ट बाई. २. शेजारचे निवृत्त मास्तर. सही करायला टेबलावर वाकले, त्यांना आधी खुर्चीवर बसवलं.

ठिकाण: दवाखान्याची मागची खोली.

तारीख: मार्चमधला दुसरा बुधवार, सकाळी. पलीकडे सुनेने पहिल्या पेशंटला आत घेतलं आहे, आणि खुर्ची आडवी होत असल्याचा आवाज येतो आहे.