नंदीचे पाय अजून दगडात

११ फेब्रु., कॅल्गरी
मी पळून आलो नाही. किती वेळा सांगायचं. परमिट आलं, तिकीट आलं, आलो. पण आबांचं एकच. आज पण आईच्या मागून आवाज आला, "विचार त्याला, येतोय का नंदी पुरा करायला. नाहीतर ईसार दे म्हणावं परत." स्वतः फोनवर येणार नाहीत. दोन वर्षं झाली.
देवळाच्या लोकांनी नंदीचा ईसार माझ्या हातात दिला, नारळासकट. आमच्या पाथरवटांत ज्याच्या हातात पडला त्यानं दगड पुरा करायचा, नाहीतर त्यानंच परत करायचा. बापाच्या पैशानं भागत नाही. मी येतो येतो म्हणतो. तोवर आबा टाकी घेऊन बसतात. डॉक्टर म्हणाले छातीत दगडाची धूळ आहे, काम बंद करा. कुठलं बंद.
दवाखान्याला पाठवलेले पैसे आईच्या खात्यात तसेच पडून.

१९ फेब्रु.
वजा चोवीस. घरमालकाची गाडी बर्फातून शोव्हल करून काढली, मग शॉपला. किचन काउंटरच्या ग्रॅनाइटची स्लॅब मशीनवर चढवायच्या आधी मी हातोडीच्या मुठीनं वाजवून बघतो. पोरं हसतात. "नॉकिंग? हू इज देअर?" आज एक बद्द वाजली. सांगितलं, ही जाईल. ऐकलं नाही. सिंकचं भोक पाडताना गेली, आडवी.
खालिदभाई एकटे हसले नाहीत. पॉलिशवाले, जॉर्डनचे, पन्नाशीचे. गल्फमध्ये शिकलेलं हिंदी बोलतात. म्हणाले, "किसने सिखाया?" म्हणलं, बाप.

२ मार्च
इथं करवतीवर पाणी सोडतात, धूळ उडत नाही. वर मास्क. तसला मास्क आबांना पाठवला होता. आईनं आज फोटो धाडला. नंदीच्या वशिंडावर अडकवलाय. तोंड झालं, वशिंड झालं, पाय मी सोडले तसेच अजून दगडात.
आईला म्हणलं, एप्रिलमध्ये रजा आहे, येऊ का. तिनं विचारलं. "रजेवर येणार असला तर येऊ नको म्हणतात."
ठीक.

९ मार्च
खालिदभाईंच्या मुलाचं लग्न आहे. त्यांचं गाव पेट्राच्या वरच्या अंगाला. पेट्रा म्हणजे डोंगरात कोरलेलं जुनं शहर. त्यांचा जन्म म्हणे तिथल्या एका गुहेतच झाला, मग सरकारनं सगळ्यांना बाहेर घरं दिली. "चलो. रजा है, बाप बुलाता नहीं. पत्थर तो बुलाएगा."
तिकीट काढलं. आईला सांगितलं नाही.

१४ एप्रिल, पेट्रा
आधी दोन कड्यांमधली बोळ. वर आभाळाची नुसती चिंधी. संपतच नाही. मग एकदम समोर

नीट लिहिता येत नाही. लाल दगड. खांब, माळा, माणसं, सगळं कड्यातून काढलेलं. एक दगड बाहेरून आणलेला नाही. लोक फोटो काढत होते, मी टाकीचे वण बघत होतो. तिरपे, एका अंगाला झुकलेले. उजव्या हाताचा माणूस, घाई न करणारा.
आणि हात गेलाच. बोटाच्या गाठीनं वाजवलं. मग नाण्यानं. गार्ड धावत आला, नाणं काढून घेतलं, खूप बोलला. खालिदभाईंनी त्याला अरबीत काय सांगितलं कोण जाणे. गार्डनं माझे तळहात उलटे करून बघितले, घट्टे होते तिथं अंगठा फिरवला आणि नाणं परत दिलं. "क्या बोला उसको?" "बोला, डॉक्टर है, पत्थर का."
दगड मऊ. नाद खोल, मातीच्या रांजणासारखा.

१५ एप्रिल
आज खालिदभाई शेवटच्या टोकाला घेऊन गेले. तिथं एक कोरीवकाम अर्धवट आहे. वर खांबांची डोकी नीट कोरलेली, खाली खांबच नाहीत. नुसता कडा. वरून खाली उतरत कोरत होते, आमच्याकडं वेरूळला कोरलंय तसंच. मधेच थांबले. का ते कुणाला माहीत नाही. मालक मेला असेल, पैसे संपले असतील.
मी तिथं तासभर बसलो. खालिदभाई चहा आणायला गेले. त्या कामाला कुणी नावं ठेवत नव्हतं. एक बाई तर त्याचाच फोटो काढत होती.
आईला तीन फोटो टाकले. खाली लिहिलं, आबांना दाखव.

१६ एप्रिल
फोन आला. आईचा नंबर, आवाज आबांचा.
"वरून खाली आलेत का?"
हो म्हणलं.
"नाद?"
सांगितला. खोकले, बराच वेळ. मग, "सोडलंय तिथं खालची रेघ सरळ आहे का वाकडी?"
मी परत गेलो, ऊन डोक्यावर. जवळ जाऊन बघितलं. सरळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पातळीत. गावात येऊन फोन केला, सांगितलं.
"मग पळाला नाही तो. सांगून थांबलाय."
मी म्हणलं, आबा. लग्नाचे ढोल लागले होते. फोन ठेवला त्यांनी.

२४ एप्रिल, कॅल्गरी
परत बेसमेंट. जेट लॅग, अंग जड. माझी रेघ कशी होती ते आठवतंय. उजव्या खुरापासून सुरुवात केली होती, त्यावर टाकी मारता मारता व्हिसाच्या एजंटचा फोन आला, तशीच टाकून उठलो. वाकडी तर असणारच.

२७ एप्रिल
शॉपला जायच्या आधी आईला व्हिडिओ कॉल केला. म्हणलं, नंदीजवळ जा, खालून दाखव. तिनं मोबाईल खाली धरला. खुराच्या खाली रेघ सरळ. दोन्ही बाजूंनी, एका पातळीत.
"ही कुणी केली?"
आई म्हणाली, "आबांनी, तू गेलास त्याच आठवड्यात. एक दिवस बसले, एवढीच केली, आणि म्हणाले, पोराचं काम इथं थांबलं."
"मग आता का कोरतात?"
मोबाईल आबांनी घेतला असावा, नुसतं आभाळ दिसत होतं. "ईसार आहे ना बाबा अंगावर. तू परत देईना, येईना."
आवाजात राग नव्हता. तेच जड गेलं.

२८ एप्रिल
खालिदभाईंना सगळं सांगितलं. म्हणलं, दिला परत की मी पाथरवट राहिलो नाही. नुसता काउंटर कापणारा. म्हणून देत नव्हतो. ते पॉलिश करत राहिले. मग म्हणाले, "तू वहाँ सिर्फ हाथ रखता है, साँस बाप की जाती है."

१ मे
आईला लिहिलं, हे पैसे दवाखान्याचे नाहीत, खात्यात ठेवू नको. आबांच्या हातात दे. देवळाच्या लोकांना म्हणावं, पोरानं धाडलेत, त्याच्या हातचे समजा. आबा नेतील का नाही, आई म्हणते सांगता येत नाही. सकाळपासून ओट्यावर बसलेत. टाकी जवळच आहे, पण उचलली नाही अजून.
ईसाराचे एकवीस हजार. नारळाचे चाळीस. एकवीस हजार चाळीस पाठवले.